लिमातली चोवीस खळग्यांची प्लेट

पेरूची राजधानी लिमा समुद्राकाठी आहे, पण तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. शहराच्या उत्तरेला उघड्याबोडक्या, धुळीने माखलेल्या टेकड्यांवर काराबाय्यो नावाची गरिबांची वस्ती चढत गेली आहे. या वस्तीत काम करणारे अमेरिकन धर्मगुरू फादर जॅक रूसिन क्षयाने आजारी पडले. त्यांना मायदेशी नेलं, तरी १९९५ साली ते दगावले. त्यांचा क्षय नेहमीच्या औषधांना दाद न देणारा निघाला. मग पॉल फार्मर आणि जिम याँग किम या त्यांच्या दोन डॉक्टर मित्रांना साहजिक प्रश्न पडला, की पाद्रीबाबांना हा क्षय कुठून लागला? वस्तीतूनच लागला असणार. म्हणजे वस्तीत असे आणखी रुग्ण असणार. ते शोधायचे तर बेडक्यातला जंतू वाढवून त्याच्यावर एकेक औषध लावून बघायला हवं होतं. रोजच्या कामाच्या ओघात ही तपासणी करून देणारी सोय लिमात नव्हती. नमुने हजारो किलोमीटरवरच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवावे लागले.

यातली विसंगती अशी, की पेरूचा क्षयरोग कार्यक्रम त्या काळात जगातल्या उत्तम कार्यक्रमांपैकी मानला जायचा. जागतिक आरोग्य संघटना त्याचं उदाहरण इतर देशांना देत असे. बेडका तपासायचा, जंतू दिसले की औषधं सुरू करायची, ती कर्मचाऱ्यासमोर गिळायला लावायची, अशी त्याची साधी आणि कडक शिस्त. पण बेडका मायक्रोस्कोपखाली धरला, तर औषधाला दाद देणारा जंतू आणि न देणारा जंतू यांत काडीचा फरक दिसत नाही. झील-नील्सन पद्धतीच्या रंगात दोघेही निळ्या पार्श्वभूमीवर सारखेच लालभडक. इतकंच काय, मेलेला जंतूही तसाच दिसतो. मग ज्या रुग्णाला गुण येत नाही त्याचं काय करायचं? नियम असा होता, की तीच औषधं पुन्हा द्यायची आणि सोबत एक नवं इंजेक्शन जोडायचं. जंतूने आधीची औषधं पचवलेली असतील तर त्याच्यावर एकटं नवं औषध सोडणं म्हणजे त्याला तेही पचवायला शिकवणं. फार्मर यांनी यावर पुष्कळ आणि कडवट लिहिलं आहे. माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. शिस्तीने राबवलेली आंधळी योजना कधी कधी बेशिस्तीपेक्षा जास्त नुकसान करते.

एकटं औषध देणं एवढं घातक का, हे थोड्या हिशेबाने कळतं. क्षयाच्या जंतूंत औषधाला न जुमानणारा एखादा जंतू निव्वळ योगायोगाने जन्मतो. आयसोनायाझिडच्या बाबतीत साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनच्या बाबतीत दहा कोटींत एक. रुग्णाच्या फुप्फुसात पोकळी पडली असेल तर एका पोकळीतच दहा कोटी किंवा त्याहूनही जास्त जंतू असतात. म्हणजे कोणतंही एक औषध द्या, त्याला पुरून उरणारे जंतू औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच तिथे हजर असतात. दोन्ही औषधं एकत्र दिली तर मात्र दोन्हींना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू आपोआप जन्मण्याची शक्यता जवळपास शून्य. म्हणून तर क्षयात औषधांची मोट बांधून देतात. आयसोनायाझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन्ही बिनीची औषधं निकामी झाली, की त्याला बहुऔषध-प्रतिरोधी क्षय म्हणतात. दवाखान्यात तो ‘एमडीआर’ या नावाने ओळखला जातो. २०२३ साली जगभरात असे, किंवा निदान रिफॅम्पिसिन न चालणारे, सुमारे ४ लाख रुग्ण असावेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले चौथ्या हिश्शाहून अधिक एकट्या भारतातले.

तर प्रश्न तपासणीचा. औषध चालतं की नाही हे बघायची सर्वांत सरळ रीत म्हणजे जंतू औषधात घालायचा आणि वाढतो का ते पाहायचं. अडचण ही, की हा जंतू भयंकर आळशी. आपल्या आतड्यातला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी अठरा ते चोवीस तास लागतात. त्याला वाढवायची जुनी रीत लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमाची. अंडी घालून घट्ट केलेला हा हिरवट थर बाटलीत तिरका बसवलेला असतो. हिरवा रंग त्यातल्या मॅलाकाइट ग्रीनचा. या थरावर जंतूंचा पुंजका नुसत्या डोळ्यांना दिसायचा तर त्यात निदान दहा लाख जंतू हवेत. एकाचे दहा लाख व्हायला वीस वेळा दुप्पट व्हावं लागतं. वीस दुपटी म्हणजे ढोबळमानाने वीस दिवस. त्यानंतर तो पुंजका उचलून औषधाच्या बाटल्यांत पेरायचा आणि पुन्हा तितकेच दिवस थांबायचं. तोवर रुग्ण चुकीची औषधं घेत राहतो आणि घरातल्यांवर खोकत राहतो.

जगाने या दिरंगाईवर दोन उपाय काढले होते. एक म्हणजे जंतूला पातळ माध्यमात वाढवायचं, कारण घट्ट थरापेक्षा पातळ माध्यमात तो जरा लवकर वाढतो. दुसरा म्हणजे बाटलीत वाढ सुरू झाल्याची चाहूल यंत्राने घ्यायची. ही यंत्रं चोख काम करतात, पण महाग असतात. त्यांच्या बाटल्या त्याच कंपनीकडून घ्याव्या लागतात, आणि यंत्र बिघडलं की तंत्रज्ञाची वाट बघावी लागते.

लिमातल्या कायेतानो एरेदिया विद्यापीठात लुझ काविएदेस आणि रॉबर्ट गिलमन यांच्या गटाने तिसरी वाट धरली. जंतूची वाढ लवकर करता येत नसेल तर आपण लवकर बघायला जाऊ, अशी ती वाट. दहा लाख जंतू जमेपर्यंत नुसत्या डोळ्यांनी थांबून राहायचंच कशाला? साठ-सत्तर जंतूंचा गुंता झाला की मायक्रोस्कोपमधून तो दिसतो. एकाचे चौसष्ट व्हायला सहाच दुपटी लागतात. वीस दिवसांचं काम आठवड्यावर येतं ते एवढ्या गणिताने. जंतू तोच, त्याचा आळसही तोच. या पद्धतीचा त्यांचा पहिला निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. तिचं लांबलचक इंग्रजी नाव आद्याक्षरांनी ‘मॉड्स’ असं झालं आहे.

मॉड्सच्या टेबलावर काय काय असतं ते सांगतो. तळहातापेक्षा जरा मोठी, पारदर्शक प्लास्टिकची प्लेट. तिच्यात चोवीस खळगे, चार आडव्या आणि सहा उभ्या ओळींत. एका नमुन्याला एक उभी ओळ, म्हणजे चार खळगे. बेडक्यावर आधी कॉस्टिक सोडा आणि एन-असिटिल सिस्टीन यांचं मिश्रण टाकतात. त्याने चिकट बेडका पातळ होतो आणि तोंडातले इतर जंतू मरतात. क्षयाच्या जंतूचं मेणचट कवच सोड्याला बराच वेळ दाद देत नाही, म्हणून तो मागे उरतो. मग मिडलब्रुक नावाचं पातळ माध्यम प्रत्येक खळग्यात भरतात, साधारण एक मिलिलिटर. त्यात चुकार जंतूंना आवरणारी अँटिबायोटिक्स मिसळलेली असतात. दोन खळग्यांत क्षयाचं औषध नसतं. तिसऱ्यात आयसोनायाझिड, चौथ्यात रिफॅम्पिसिन. सहा उभ्या ओळींतली एक मुद्दाम बिनाजंतूची ठेवतात. तिच्यात काही वाढलं तर पिपेटमधून एका नमुन्याचा थेंब दुसरीकडे उडाला, असं समजून अख्ख्या प्लेटकडे संशयाने बघायचं.

यानंतरची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाची वाटते. भरलेली प्लेट झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून बंद करतात आणि शरीराच्या तापमानाला ठेवतात. ती पिशवी पुन्हा कधीच उघडत नाहीत. क्षयाचा जंतू वाढवण्याच्या कामात धोका वाढलेला जंतू हाताळण्याचा असतो. घट्ट माध्यमावरचा पुंजका खरवडून दुसरीकडे नेताना हवेत उडालेले जंतू प्रयोगशाळेतल्या माणसाच्याच छातीत जातात. मॉड्समध्ये औषधं पहिल्या दिवसापासून त्याच प्लेटमध्ये असल्याने ही उचलाउचल होतच नाही. प्लेट पिशवीसकट मायक्रोस्कोपवर ठेवून बघतात. मायक्रोस्कोप मात्र उलटा लागतो, म्हणजे भिंग खाली आणि प्रकाश वर. जंतू खळग्याच्या तळाशी बसलेले असतात, त्यांना खालून बघायचं असतं.

पाचव्या दिवसापासून बघायला सुरुवात होते. भिंगातून आधी कचराच दिसतो. बेडक्यातल्या पेशींचे तुकडे, बुडबुड्यांच्या कडा, कुठे प्लास्टिकवरचा ओरखडा. क्षयाचा जंतू वाढताना एकमेकांना लगटून, समांतर रांगा करत, लांबट पीळ बनवत जातो. सुतळीचं टोक उसवून वळवावं तसा. सुरुवातीला तो एखाद्या स्वल्पविरामाएवढा असतो, दोन दिवसांनी त्याला फाटे फुटतात आणि मग गुंता होतो. बुरशी वाढली असेल तर ती लगेच ओळखू येते, आणि इतर जंतूंनी खळगा एका रात्रीत ढगाळ होतो. क्षयाचे पीळ ओळखायला काही आठवडे शिकावं लागतं, मग डोळा बसतो. औषध नसलेल्या दोन्ही खळग्यांत पीळ दिसले की क्षय पक्का. त्याच दिवशी शेजारच्या दोन खळग्यांत बघायचं. तिथे स्वच्छ असेल तर औषधं चालतात. त्या दोन्हींतही पीळ असतील तर एमडीआर. निदान आणि प्रतिरोध, दोन्हींची उत्तरं एकाच बैठकीत मिळतात. एकवीस दिवस काहीच दिसलं नाही तर नमुना नकारार्थी.

हे कागदावर गोंडस वाटतं, म्हणून ते तोलून बघणं भाग होतं. डेव्हिड मूर आणि सहकाऱ्यांनी लिमात ३,७६० नमुने एकाच वेळी तीन पद्धतींनी तपासले आणि निकाल २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापले. जंतू पकडण्यात मॉड्स ९७.८ टक्के, स्वयंचलित यंत्र ८९ टक्के, जुनं घट्ट माध्यम ८४ टक्के. वाढ दिसायला लागलेल्या दिवसांचा मध्यक अनुक्रमे ७, १३ आणि २६. औषधांचा निकाल हाती यायला ७, २२ आणि ६८ दिवस. अडुसष्ट दिवस म्हणजे सव्वादोन महिने! रिफॅम्पिसिनच्या बाबतीत मॉड्सचं उत्तर प्रमाण पद्धतीशी शंभर टक्के जुळलं, आयसोनायाझिडच्या बाबतीत ९७ टक्के. स्वस्त वस्तू म्हणजे जरा कमअस्सल, असं आपण धरून चालतो. इथे स्वस्त पद्धतीने महागड्या यंत्राला तिन्ही कसोट्यांवर मागे टाकलं. आणि साहित्याचा खर्च? नमुन्यामागे दोन-तीन डॉलरच्या घरात.

या आकड्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण त्यात काय धरलेलं नाही हे महत्त्वाचं आहे. उलट्या मायक्रोस्कोपला काही हजार डॉलर लागतात. बेडका हाताळायला जैवसुरक्षा कपाट लागतं. वीज लागते. औषधांची द्रावणं दर वेळी अचूक तोलून करावी लागतात, कारण तिथे चूक झाली तर सगळे निकाल एकाच बाजूला झुकतात. आणि डोळा बसलेला माणूस लागतो, तो रोज, रजा न घेता. यंत्राची किंमत बिलात येते, माणसाच्या सरावाची कुठेच लिहिलेली नसते. मॉड्स स्वस्त आहे याचा अर्थ तिचा सगळ्यात मौल्यवान भाग विकत मिळत नाही, घडवावा लागतो.

म्हणूनच की काय, तिला विकणारं कोणी नव्हतं. ही पद्धत कोणाच्या मालकीची नाही. कार्यपद्धतीची पुस्तिका मोफत, प्लेट बाजारात मिळते तीच. ज्यात नफा नाही ते दारोदार घेऊन फिरायला प्रतिनिधी कुठून येणार? पुढे अमेरिकेतल्या एका कंपनीने मॉड्सचं तयार किट काढलं, आणि त्याच विद्यापीठातल्या मिर्को झिमिक यांच्या गटाने खळग्यांचे फोटो काढून पीळ ओळखायचं काम संगणकाला शिकवायचा प्रयत्न केला, म्हणजे दूरच्या गावी अनुभवी डोळा नसला तरी चालावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मॉड्सला मान्यता दिली खरी, पण हात राखून. संदर्भ प्रयोगशाळांपुरती, आणि अधिक आधुनिक सोय उभी राहीपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून.

त्याच मान्यतेत मॉड्सच्या दोन भावंडांचाही समावेश होता, आणि ती दोन्ही रंगावर चालतात. एकात माध्यमात नायट्रेट घालतात. जिवंत जंतू त्याचं नायट्राइट करतो, वर रसायनाचे थेंब टाकले की ते गुलाबी होतं. औषधाच्या नळीत गुलाबी रंग आला तर औषध निरुपयोगी. दुसऱ्यात रिसाझुरिनसारखं निळं द्रव्य वापरतात, जिवंत जंतू त्यालाही गुलाबी करतो. रिसाझुरिन मुळात दूधवाल्यांचं. दुधात जंतू किती, हे रंग किती लवकर बदलतो त्यावरून ठरवायची रीत शतकभर जुनी आहे. आपल्याकडच्या डेअरीत मिथिलीन ब्लूची जी एमबीआरटी चाचणी करतात तिचंही तत्त्व हेच. निळं दूध पांढरं व्हायला किती तास लागले यावर दुधाची प्रत ठरवणारा संकलन केंद्रातला माणूस आणि क्षयाची नळी गुलाबी होते का ते बघणारा तंत्रज्ञ, दोघेही एकच प्रश्न विचारत असतात की आत कोणी श्वास घेतंय का.

२०१० च्याच डिसेंबरात खरी उलथापालथ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्सपर्ट या यंत्राची शिफारस केली. आपल्या सरकारी दवाखान्यांत याला ‘सीबीनॅट’ म्हणतात. बेडका काडतुसात ओतायचा, काडतूस यंत्रात बसवायचं, आणि दोन तासांत जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही, हे दोन्ही कळतं. यात जंतू वाढवायचाच नसतो. त्याच्या ‘आरपीओबी’ या जनुकाचा एक छोटा तुकडा, ८१ अक्षरांचा, तपासायचा. रिफॅम्पिसिनचा बहुतेक प्रतिरोध याच तुकड्यातल्या बदलांतून येतो. शिकायला सोपं, कर्मचाऱ्याला धोका कमी, आणि रुग्ण दवाखान्यात असतानाच निकाल. मॉड्सचा आठवडा इथे दोन तासांवर आला. याच्याशी स्पर्धा कशी करणार?

पैशाचा हिशेब मात्र उरला. चार कप्प्यांचं यंत्र १७ हजार डॉलरच्या आसपास. काडतूस गरीब देशांसाठी २०१२ साली वाटाघाटी करून १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आणलं. मग ते अकरा वर्षं तिथेच अडकून बसलं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने हिशेब मांडून दाखवला की हे काडतूस पाच डॉलरला देऊनही नफा उरतो. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२३ च्या सप्टेंबरात किंमत ७.९७ डॉलरवर आली. एकच विक्रेता असलेल्या वस्तूचं असंच होतं.

स्पर्धा आली ती आपल्या बाजूने. गोव्यात मुख्यालय असलेल्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र आहे. सीबीनॅटला वातानुकूलित खोली लागते, ट्रूनॅट तालुक्याच्या आणि गावच्या आरोग्य केंद्रातही चालतं. आधी एका चिपवर जंतू आहे का ते बघायचं, असला तरच दुसऱ्या चिपवर रिफॅम्पिसिनची तपासणी. म्हणजे प्रतिरोधाचा खर्च फक्त ज्यांना क्षय आहे त्यांच्यापुरता. ही दोन पायऱ्यांची काटकसर मला पसंत आहे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रूनॅटलाही मान्यता दिली.

पण जनुक बघणं आणि जंतू बघणं यात एक फरक राहतोच. जनुकाची तपासणी आपल्याला आधीपासून माहीत असलेले बदलच शोधते. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत, म्हणजे तेव्हाच्या स्वाझिलँडमध्ये, २००९ साली देशभर पाहणी झाली होती. त्यातले जंतू पुढे बारकाईने तपासले तेव्हा एमडीआर जंतूंपैकी ३० टक्क्यांत ‘आरपीओबी’ जनुकातला बदल नेमका त्या ८१ अक्षरांच्या बाहेर निघाला. यंत्र या रुग्णांना ‘रिफॅम्पिसिन चालेल’ असं बिनदिक्कत सांगत होतं. खळग्यात रिफॅम्पिसिन घालून जंतू वाढवला असता तर जनुकाचं नावही ठाऊक नसताना तो वाढताना दिसू शकला असता. शिवाय सीबीनॅटचं नेहमीचं काडतूस आयसोनायाझिडकडे बघतच नाही. ज्याचा जंतू फक्त आयसोनायाझिडला दाद देत नाही, तो रुग्ण अशा तपासणीतून ठणठणीत उत्तर घेऊन बाहेर पडतो. मॉड्सच्या प्लेटमध्ये आयसोनायाझिडचा खळगा पहिल्यापासून आहे.

आता पुन्हा नवा पेच उभा आहे. एमडीआरवर पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालायचे, इंजेक्शनांनी कानांची वाट लागायची. २०२२ पासून बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार शिफारशीत आला, भारतानेही २०२४ मध्ये तो स्वीकारला. रुग्णांसाठी ही फार मोठी सुटका आहे. पण बेडाक्विलिनचा प्रतिरोध रिफॅम्पिसिनसारखा एका छोट्या तुकड्यात दाटीवाटीने राहत नाही. त्याचे बदल अख्ख्या जनुकभर विखुरलेले असतात, आणि त्यातले काही घातक, काही निरुपद्रवी. ८१ अक्षरं वाचून भागण्यासारखं हे काम नाही.

म्हणून ऑक्सफर्डच्या पुढाकाराने चाललेल्या ‘क्रिप्टिक’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने जनुकांची यादी बनवण्याआधी जंतू औषधांत वाढवून बघितले. छोट्या प्लेटमध्ये ९६ खळगे, एकेका औषधाची चढती मात्रा, आणि त्या औषधांत बेडाक्विलिनही होतं. जगभरातून आणलेले १२ हजारांहून अधिक जंतू या प्लेटांत वाढवले गेले. या कामातल्या प्रयोगशाळांमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचीही प्रयोगशाळा होती. प्लेटांचे लाखो खळगे वाचायचे कोणी, हा प्रश्न तिथेही आलाच. तंत्रज्ञाने वाचलं, संगणकाने वाचलं, आणि जिथे दोघांचं जुळलं नाही तिथल्या खळग्यांचे फोटो इंटरनेटवर टाकून हजारो हौशी लोकांना विचारण्यात आलं, की कितव्या खळग्यापर्यंत तुम्हाला वाढ दिसते.